शुक्रवारचा नवा, घरचा जुना : सांगलीत राहून सिनेमा बघायचा तर

सांगलीत नाटकाबद्दल कुणाला काही शिकवायला जाऊ नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून या बाबतीत गावाची मान ताठ आहे आणि दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, ती आणखी थोडी ताठ होते. सिनेमाचं मात्र आपण वेगळंच करून ठेवलंय. शुक्रवारी लागतो तो 'पिच्चर', तो आपला. समीक्षक ज्याला अभिजात म्हणतात तो पुण्या-मुंबईच्या लोकांचा, त्याच्या वाटेला आपण जायचं नाही. ही वाटणी कुणी केली कोण जाणे. पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, 'प्रभात' फिल्म कंपनीची पाटी १९२९ साली पहिल्यांदा लागली तीही तिथंच. अभिजात सिनेमा म्हणतात त्यातला बराचसा माल आपल्याच पट्ट्यात तयार झालेला आहे.

हे टिपण अशांसाठी, ज्यांना थिएटरात जायला आवडतं, पण जुन्याकडे वळायचं म्हटलं की कुठून सुरुवात करावी कळत नाही. किंवा उलट, जे मोबाईलवर सगळं बघतात आणि थिएटरात जाणं ज्यांचं सुटलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की जुना आणि नवा सिनेमा जोडीनं बघावा. एक दुसऱ्याकडे नेतो. नुसता नवा बघितला तर चार महिन्यांत सगळे सारखे वाटायला लागतात, आणि नुसता जुना बघितला तर माणूस 'आमच्या वेळी' करायला लागतो. दोन्हींची लागण वाईट.

पहिली पायरी : यादी बाजूला ठेवा, धागा पकडा

नवखा माणूस काय करतो, तर 'जगातले सर्वोत्तम शंभर चित्रपट' अशी यादी शोधतो, पहिल्या नंबरापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या चित्रपटाला झोपतो. मग 'आपल्याला नाही बुवा कळत' म्हणून प्रकरण कायमचं बंद. यात त्या चित्रपटाचाही दोष नाही आणि झोपणाऱ्याचाही नाही. दोघांची ओळख करून देणारं मधे कुणी नव्हतं, इतकंच.

त्याऐवजी तुम्हाला मनापासून आवडलेला एखादा अलीकडचा चित्रपट घ्या. दोनदा बघितलेला असेल तर उत्तम. त्यात काय आवडलं ते एका ओळीत लिहा : नट, विषय, गाणी, गाव, लिहिणारा, काहीही. मग त्याच धाग्यानं मागं जा. नियम एकच, की पुढच्या चित्रपटाचा आधीच्याशी काहीतरी संबंध पाहिजे.

एक वाट मी पूर्ण चालून दाखवतो, कारण ती आपल्याच जिल्ह्यातून जाते. समजा तुम्हाला 'नटरंग' आवडलाय. २०१० च्या पहिल्याच दिवशी लागला होता, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. आवडलं काय, तर तमाशा. म्हणजे मागं जायचं तर व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा', साल १९७२. श्रीराम लागूंचे मास्तर, संध्याबाई आणि निळू फुले. हा बघून झाला की कळतं, याचं मूळ जर्मनीत आहे : १९३० चा 'द ब्लू एंजल'. तिथं कडक शिस्तीचा मास्तर कॅबरेतल्या गायिकेच्या नादी लागतो, आपल्याकडं कॅबरेच्या जागी फड आला. एका चित्रपटानं तुम्हाला नव्वदेक वर्षं मागं आणि थेट बर्लिनपर्यंत नेलं, आणि वाटेत कुठंही अवघड वाटलं नाही.

आता तोच तमाशाचा धागा दुसऱ्या बाजूनं ओढा. 'सांगत्ये ऐका', १९५९, दिग्दर्शक अनंत माने. पुण्यात एकाच थिएटरात हा दोन वर्षांहून जास्त चालला. गाणी गदिमांची आणि पटकथा त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकरांची, म्हणजे आटपाडी तालुक्यातलं माडगुळं एका चित्रपटात दोनदा. 'बुगडी' गायलंय आशाबाईंनी, त्या जन्मानं सांगलीच्याच. आणि ती बुगडी सांडते ती साताऱ्याला जाताना. आता यापेक्षा जवळचा अभिजात चित्रपट तुम्हाला कुठं मिळणार?

धागा इथं संपत नाही. या चित्रपटातल्या हंसा वाडकरांनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावही 'सांगत्ये ऐका'च. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्मचरित्राचं शब्दांकन केलं अरुण साधूंनी. याच साधूंच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' केला. आणि जब्बार पटेलांपर्यंत आलात की 'सामना' चुकवता येणारच नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत असलेला. साखर कारखान्याच्या जिवावर अख्खं गाव मुठीत ठेवणारा निळू फुलेंचा हिंदुराव आणि 'मारुती कांबळेचं काय झालं' एवढाच प्रश्न विचारत राहणारा दारुडा मास्तर. बर्लिनच्या लोकांना तो किती कळला असेल माहीत नाही. आपल्याकडं उसाचं बिल आणि कारखान्याची निवडणूक बघत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

ही झाली सहा-सात चित्रपटांची वाट. तुमची वेगळी निघेल. कुस्तीवरून निघेल, भुताखेतांवरून निघेल, एखाद्या संगीतकारावरून निघेल. काहींची दोन पावलांत अडते, तेव्हा दुसरा धागा घ्यायचा.

दुसरी पायरी : एक चित्रपट दोनदा बघा

हा सल्ला नवख्यांना खटकतो. बघायचे इतके राहिलेत आणि एकच दोनदा कशाला? कारण पहिल्यांदा आपण गोष्ट बघतो. पुढं काय होतंय यातच डोकं गुंतलेलं असतं. समीक्षक ज्याचं कौतुक करतात ते बहुतेक वेळा दुसऱ्यांदा दिसतं.

यासाठी 'संत तुकाराम' घ्या. १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा, 'प्रभात'चा. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. पहिल्यांदा बघताना तुम्ही विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाकडे बघाल, सगळेच बघतात. दुसऱ्यांदा आवलीकडे बघा. घरात दाणा नाही, नवरा भजनात, पोर तापानं फणफणलेलं. ती पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि पायताण हातात घेऊन विठोबालाच फैलावर घेते. संतपट म्हटल्यावर आपली अपेक्षा असते की देवासमोर सगळे हात जोडतील. इथं दिग्दर्शकांनी देवापुढं चूल उभी केली आणि चुलीची बाजू अजिबात हलकी होऊ दिली नाही. शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते तेव्हाही तिला संसार सोडून निघायचं नसतं. चमत्कारांची दृश्यं आता जुनी वाटतात. आवली नव्वद वर्षांनंतरही आपल्या गल्लीतली वाटते.

जाता जाता : त्यातला 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला. पण तो इतका बेमालूम जमला की पुष्कळ जण आजही तो तुकोबांचाच समजून गातात.

जुन्या चित्रपटाचा वेग अंगवळणी पडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढी द्या. त्यानंतरही जमलं नाही तर बिनदिक्कत बंद करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावा. अभिजात आहे म्हणून आवडलाच पाहिजे असं नाही. मला स्वतःला काही नावाजलेले चित्रपट आजही कंटाळवाणे वाटतात आणि त्याची मला लाज वाटत नाही. फक्त मोबाईल हातात घेऊन अर्धवट बघितला आणि कंटाळवाणा म्हटलं, ते मात्र धरायचं नाही.

तिसरी पायरी : आता यादी उघडा, पण पहिल्या नंबरापासून नको

दोन-तीन धागे झाले की जगाच्या यादीकडे बघायला हरकत नाही. सगळ्यांत मान असलेली यादी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाची. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते जगभरच्या समीक्षकांची मतं मागवतात. पहिल्या वेळी इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' वर होता. १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' हललाच नाही. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' वर आला. २०२२ मध्ये शान्ताल आकरमन यांचा 'जान दीलमान'. पहिल्या नंबरावर बाईनं दिग्दर्शित केलेला चित्रपट येण्याची ती पहिलीच वेळ. पुढं चाळीस वर्षं ठाण मांडून बसलेला 'सिटिझन केन' १९५२ च्या पहिल्या दहांत नव्हताही. समीक्षकांचं मतही बदलत असतं, त्यामुळे यादी हातात घ्यायची ती मार्गदर्शक म्हणून, परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणून नव्हे.

'जान दीलमान' नवख्यानं पहिल्या वर्षी बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन तासांहून मोठा आहे, त्यात एक विधवा बाई घरकाम करते आणि ती बटाटे सोलते तेव्हा आपण तिला खरोखरच बटाटे सोलताना बघतो. त्यातली ताकद कळायला आधी थोडी सवय लागते. त्याच यादीत चौथ्या नंबरावर यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' आहे, १९५३ चा जपानी. तो आधी बघा. आणि आई-वडिलांबरोबर बघितलात तर फारच चांगलं.

गोष्ट एवढीच. लांबच्या गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. मुलगा डॉक्टर, मुलगी पार्लर चालवते, कुणालाच वेळ नाही. मुलं वाईट नाहीत हो, कामात आहेत. मग काय करायचं, तर त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात, तेवढीच हवापालट. तिथं रात्रभर गोंधळ, दोघांचा डोळ्याला डोळा नाही. त्यांना खरा वेळ देते ती सून, जिचा नवरा युद्धात गेलाय. पुण्यात हिंजवडीला मुलाच्या फ्लॅटवर आठ दिवस राहायला म्हणून जाऊन चौथ्याच दिवशी 'घराला कुलूप आहे, झाडांना पाणी कोण घालणार' म्हणत मिरजेची गाडी पकडणारे आई-वडील आपल्याकडं काय कमी आहेत? या चित्रपटात रडारड आणि सुनावणं फार थोडं. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. पाटावर बसून जेवलेल्या पिढीला ती उंची ओळखीची वाटते, सोफ्यावर वाढलेल्यांना ती जाणवायला वेळ लागतो.

त्यानंतर सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली', १९५५. या यादीत तो पस्तिसावा आहे. तो का बघायचा हे मी सांगणार नाही, पहिल्या अर्ध्या तासात म्हातारी इंदिर आत्याच सांगेल.

सबटायटल वाचायची भीती असते. पहिल्या दोन चित्रपटांत नजर खालीच राहते, तिसऱ्यापासून आपण वाचतोय हे विसरायला होतं. टीव्हीवर अक्षरांचा आकार वाढवता येतो तो वाढवा, त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी : घरचा टीव्ही नीट करा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण करत नाहीत.

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असते. क्रिकेटला ठीक, पण सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो, आणि टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं घालतो. त्यामुळं सगळंच मालिकेसारखं दिसायला लागतं. सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा, पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा.

दुसरं, जुने चित्रपट जवळजवळ चौरस असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात त्या दिसू द्या. पडदा भरायचा म्हणून चित्र ताणलंत तर सगळी पात्रं बुटकी आणि रुंद होतात. 'झूम' केलंत तर कपाळं आणि पायाकडचं चित्र कापलं जातं. यूट्यूबवर काही प्रती अशा आधीच कापलेल्या असतात, काही मधली गाणी उडवलेल्या. म्हणून लावण्याआधी मूळ लांबी किती ते बघा आणि समोरच्या प्रतीशी ताडून पाहा. तोच चित्रपट तीन-चार जणांनी चढवलेला असेल तर पाच मिनिटं घालवून बरी प्रत निवडा. रंगवलेला कृष्णधवल चित्रपट शक्यतो टाळा.

आपल्याकडं चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो. त्यामुळं १९६५ च्या आधीचं बरंच काही बिनघोर मोफत बघता येतं. अलीकडचं मात्र रीतसर बघा. टेलिग्रामवर आलेली प्रत बघून वर 'मराठी सिनेमा चालत नाही' असा गळा काढणारे लोक मला सहन होत नाहीत.

पाचवी पायरी : शुक्रवारचं गणित

नवा चित्रपट साधारण शुक्रवारी लागतो. मोठा असेल तर गुरुवारी संध्याकाळीच पैसे भरून बघायचे खेळ ठेवतात. आगाऊ बुकिंग बहुधा त्या आठवड्याच्या मध्यावर उघडतं. ॲपवर तिकिटामागे वेगळं शुल्क लागतं, खिडकीवर ते वाचतं. गाव एवढं लहान आहे की गणपतीच्या देवळाकडं गेलात किंवा विश्रामबागकडं काम निघालं की वाटेत खिडकीवर डोकावता येतं. तारांकित नटाचा पहिला रविवार सोडला तर बहुतेक खेळांना जागा असते.

तिकिटावरचा करही माहीत असावा : सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. सकाळचा किंवा सोमवार ते गुरुवारचा खेळ स्वस्त का पडतो, त्याचं थोडं उत्तर इथंही आहे.

तिकीट काढताना तीन गोष्टी बघा. पहिली भाषा. इंग्रजी चित्रपट आपल्याकडं बऱ्याचदा हिंदीत डब होऊन येतो आणि मूळ भाषेचा एखादाच खेळ असतो, तोही अडनिड्या वेळेला. दक्षिणेकडच्या चित्रपटांचंही तेच, मात्र कर्नाटकाची हद्द जवळ असल्यानं कन्नड अधूनमधून मूळ रूपात मिळतो. दुसरी गोष्ट थ्रीडी की टूडी. थ्रीडीच्या चष्म्यातून उजेड कमी पोचतो. प्रोजेक्टरचा दिवा आधीच मिणमिणता असेल तर रात्रीची दृश्यं दिसतच नाहीत. मी टूडीच्या बाजूचा.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्र. पोरं बरोबर असतील तर हे नीट वाचा. पूर्वी नुसतं 'यूए' असायचं, आता त्याचे तीन भाग झालेत : सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे. ही पालकांसाठीची खूण आहे, निर्णय तुमचा. 'ए' असेल तर मात्र अठराच्या आतल्याला आत सोडत नाहीत, मग बाप बरोबर असो नाहीतर आजोबा. दारात हुज्जत घालून उपयोग नसतो, दारावरच्या माणसाचं काही चालत नाही आणि मागं रांग खोळंबते.

जागा घेताना मधली आणि पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागची घ्या. सगळ्यात मागची रांग लोकांना प्रतिष्ठेची वाटते, पण आवाजाची मांडणी तिच्या सोयीनं केलेली नसते. चित्र अंधुक, आवाज दबलेला किंवा फोकस गेलेला असेल तर चडफडत बसू नका. उठून दारावरच्या माणसाला सांगा. बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि ऑगस्टमधल्या चित्रपटाचं बुकिंग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघून करायचं, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. चाळीस फुटांच्या वर गेल्यावर कुणाला सुचतोय सिनेमा.

सहावी पायरी : मराठी चित्रपट असेल तर थांबू नका

'लोक काय म्हणतात बघू, मग पुढच्या आठवड्यात जाऊ.' हे वाक्य मराठी चित्रपटाला जितकं महागात पडतं तितकं कुठल्याच परीक्षणानं पडलं नसेल. कसं ते सांगतो. पहिल्या तीन दिवसांत, शुक्रवार ते रविवार, किती खुर्च्या भरल्या यावर पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरतात. हिंदीतला मोठा चित्रपट समोर असेल तर मराठीला सुरुवातीलाच एखादा खेळ मिळतो, तोही दुपारी बाराचा नाहीतर तीनचा. कामावरचा माणूस तेव्हा जाणार कसा? मग खुर्च्या रिकाम्या, मग 'चालत नाही' म्हणून खेळ बंद. तुम्ही पुढच्या शनिवारी घरचे सगळे तयार होऊन ॲप उघडता तेव्हा चित्रपट गावातून गेलेला असतो.

यामागं पैशाची एक वाटणीही आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा संप झाला, दोनेक महिने नवे हिंदी चित्रपट लागले नाहीत. त्यानंतर जी वाटणी ठरली तिच्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढं तीस. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका थिएटरवाल्याचा वाटा वाढतो. टिकवण्यात त्याचाही फायदाच असतो. पण रिकाम्या खुर्च्यांवर टक्केवारी काढून त्याचं वीजबिल भागत नाही.

म्हणून माझा ठोकताळा : तारांकित नटांचा मोठा चित्रपट दुसऱ्या आठवड्यात, गर्दी ओसरल्यावर, आरामात बघा. छोटा मराठी चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारी. चार-पाच जण जमवून जा, कारण अगदीच थोडी तिकिटं गेली तर खेळ रद्दही होतो. पैसे परत मिळतात, संध्याकाळ मिळत नाही. आणि तुमच्या वेळेला खेळ नसेल तर व्यवस्थापकाला भेटून विचारा. दहा जण येऊन 'संध्याकाळचा लावा की' म्हणाले तर तो हिशेब करून बघतो.

सातवी पायरी : परत आलेले जुने चुकवू नका

गेल्या काही वर्षांत जुने चित्रपट पुन्हा थिएटरात यायला लागलेत. ही नवख्यासाठी सर्वांत मोठी सोय आहे, कारण घरी बघून ज्याची कल्पना येत नाही ते इथं दिसतं. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. 'शोले' पन्नास वर्षांनी दुरुस्त होऊन डिसेंबर २०२५ मध्ये आला तो मूळ शेवटासकट, ठाकूर गब्बरला मारतो तो. आणीबाणीत सेन्सॉरमुळं तो शेवट बदलावा लागला होता. ज्यांना संवाद तोंडपाठ होते त्यांनीही हा शेवट तोवर मोठ्या पडद्यावर बघितलेला नव्हता.

माझ्या मते यातला आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा 'मंथन'. बेनेगलांचा, १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याची प्रत दुरुस्त केली, मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये इथल्या थिएटरांत आला. दूध संकलन केंद्रावर फॅट लावताना कोण कसा हात मारतो आणि गावात सोसायटी निघाली की कुणाच्या पोटात दुखतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं एकही पात्र परकं वाटणार नाही. असे खेळ एक-दोन दिवसांचेच असतात आणि जाहिरात नसते. थिएटरच्या समाजमाध्यमावरच्या पानावर लक्ष ठेवा.

आठवी पायरी : परीक्षण नंतर वाचा

चित्रपटाआधी परीक्षण वाचलं की आपण समीक्षकाच्या डोळ्यांनी बघायला लागतो. आधी फक्त दोन गोष्टी बघाव्यात : दिग्दर्शक कोण, आणि लांबी किती. बाकीचं घरी आल्यावर. तारे मोजू नका. साडेतीन तारे म्हणजे नक्की काय ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. कमाईचे आकडे तर अजिबात नकोत, शंभर कोटी गोळा झाले त्यात आपला वाटा तिकिटापुरता.

त्यापेक्षा एक-दोन लिहिणारे पकडा आणि वर्षभर त्यांचंच वाचा. तुमचं त्यांच्याशी जुळलं पाहिजे असं नाही. नेहमी उलटं मत देणारा समीक्षकही तितकाच कामाचा : त्याला कंटाळा आला म्हणजे आपण जायचं. एक साधी वही करा, चित्रपटाचं नाव, तारीख आणि त्यातला लक्षात राहिलेला एक प्रसंग, बस. मत लिहायची घाई नको.

नववी : मंडळी जमवा

एकट्यानं बघून शौक टिकत नाही. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पिफ, साधारण वर्षाच्या सुरुवातीला असतो. आधी नोंदणी करून दोन दिवस तरी जाऊन या, रेल्वेनं जाता येतं आणि नातेवाइकाचं घर प्रत्येकाचं पुण्यात असतंच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, १९६४ पासून. पी. के. नायर नावाच्या माणसानं देशभर हिंडून फिल्मची रिळं गोळा केली म्हणून आज 'प्रभात'चं बरंच काही शिल्लक आहे. तिथल्या खेळांची माहिती काढून ठेवा.

पण खरी गरज आहे ती गावातल्या गावात. कुणाच्या तरी हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीसमोर, महिन्यातून एक रविवार. आठ-दहा माणसं पुरतात. मित्रमंडळींनी घरात बसून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. सभागृह घेऊन, फलक लावून दाखवणार असाल तर हक्क कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्या. चित्रपट निवडायचा मान आळीपाळीनं द्या. ज्यानं निवडला त्यानं सुरुवातीला दोन मिनिटं बोलायचं, जास्त नाही, नाहीतर व्याख्यानमाला होते. मध्यंतर ठेवाच, चहा लागतो. संपल्यावर पहिल्यांदा बोलायची संधी गटातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. ज्येष्ठांनी आधी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा तिथंच आटोपते.

सुरुवात 'सामना'पासून करा. आणि भडंगाचं पातेलं चित्रपट संपल्यावरच बाहेर काढा. मधे काढलंत तर निळूभाऊंचा एक संवाद धड ऐकू येणार नाही.